अष्टमीची भरती आणि अकरावं प्रकरण

हस्तलिखित चौदा प्रकरणांचं होतं आणि घोडं अडलं होतं अकराव्यात. तेरा वर्षांचा मुलगा वादळात काकाच्या हातून सुकाणू हिसकावतो, भर दुपारी उधाणाच्या भरतीवर बोट खाडीत घालतो आणि चौघांना वाचवतो. वाचताना काहीच होत नव्हतं. किशोर कादंबऱ्यांचं संपादन करताना हे नेहमी दिसतं: लेखकाचा आवाज जिथे सर्वांत चढतो, तिथेच वाचक थंड पडतो.

पहिल्या खर्ड्यात हे वादळ जूनमध्ये होतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्यामुळे ते आधीच ऑक्टोबरात हलवलं होतं. (२०१९ चं क्यार चक्रीवादळही ऑक्टोबरातलंच.) लेखिका दापोलीची. गाव काल्पनिक, पण खाडी उघड उघड आंजर्ल्याची. म्हटलं, जवळच्या हर्णै बंदरात जाऊ; मासळीच्या लिलावाआधी एखादा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, ऐकून घेतो का बघू.

तिने वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच पानावर तांडेलकाकांनी हात वर केला.

"तीथ कुठली म्हणालात?"

"अष्टमी."

"मग आठ पाऊण सहा. भरती सहाला, दुपारी बाराला सुकती. आणि अष्टमीला भांग असतो, उधाण कुठलं आणलंत?"

तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते. किनाऱ्यावर हा हिशेब बोटांवर चालतो. सुकती म्हणजे पूर्ण ओहोटी, आणि भांग म्हणजे उधाणाच्या उलट, कमी चढणारी भरती. काका पुढे म्हणाले, बाराला शिरलात तर बोट वाळूवर बसेल. अकराला आलात तर त्याहून वाईट. पाणी बाहेर ओढत असतं, वाऱ्याची लाट आत येत असते, दोघांची गाठ तोंडावरच्या वाळूच्या दांड्यावर पडते. तिथे लाट उभी राहते आणि फुटते.

"मग करायचं काय?"

"काय करायचं? बाहेर खोल पाण्यात थांबायचं. इंजिन हळू, नाळ, बोटीचं पुढचं टोक, लाटेला. तीनपर्यंत."

तीन का, तर सुकतीनंतरच्या पहिल्या तासात पाणी जेमतेम चढतं, तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वांत जास्त. तीन तासांत निम्मी भरती होते.

लेखिकेने पेन काढलं. "सोपं आहे, सर. पौर्णिमा करते. पंधरा पाऊण सव्वाअकरा, उधाणही बसतं."

बरोबर होतं तिचं. एका शब्दात चूक मिटत होती. पण मी म्हटलं, अष्टमीच ठेवा. आता मुलाला सुकाणू हिसकवायचं नाहीये, काकाला थांबवायचंय. ते जास्त अवघड.

तिथेच वहीत दोन रकाने आखले: प्रत्येक प्रकरणात मुलाने स्वतः काय ठरवलं, आणि ठरवताना त्याला काय माहीत होतं. पहिल्या दहा प्रकरणांत निर्णय निघाले दोन. एकदा शाळा बुडवली, एकदा मित्राशी बोलणं टाकलं. बाकी सगळं आई, आजोबा आणि योगायोगाने ठरवलेलं. असा मुलगा अकराव्यात अचानक शूर झाला, तर ते शौर्य लेखिकेचं, त्याचं नव्हे.

म्हणून तीन पायऱ्या ठरवल्या. चौथ्या प्रकरणात आजोबांचा पाऊणचा हिशेब तो हसण्यावारी नेतो, तीथ चुकवतो, होडी चिखलात रुतते आणि टोपलीभर मांदेली उन्हात सडते. आजोबांनी तिथे उपदेश करायचा नाही. मूळ खर्ड्यात ते दीड पान बोलत होते, ते काढलं. सातव्यात त्याला बरोबर वेळ माहीत असते, पण मोठ्यांपुढे तोंड उघडत नाही आणि जाळं फाटतं. अकराव्यात तो बोलतो. ही मधली पायरी बहुतेक लेखक गाळतात. माहीत नसणं आणि बोलणं यांच्यामध्ये, माहीत असून गप्प बसणं यायलाच हवं.

मग काका. मुलगा उठून दिसावा म्हणून मोठ्या माणसाला मूर्ख करायचं, ही या प्रकारातली जुनी खोड. तिथीचा हिशेब काकालाही येतो. पण पेटीतला बर्फ विरघळतोय, लिलावाची वेळ जवळ येतेय आणि अशा पाण्यातून तो आधी दोनदा सुखरूप आत आलाय. चूक अज्ञानाची नाही, घाईची. त्याला उत्तर देताना मुलाचा आवाज फुटला पाहिजे, बोटांवरचा हिशेब एकदा चुकला पाहिजे. "निर्धाराने", "धीटपणे" हे शब्द त्या प्रकरणात नऊ ठिकाणी होते. नऊही खोडले.

बोटींवरची मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात उतरायला लागल्या तसे तांडेलकाका उठले. दोन पावलं गेले आणि मागे वळले.

"तीनपर्यंत थांबवलंत ते ठीक. पण मासळीचं काय झालं?"

लेखिका माझ्याकडे बघायला लागली. तीन तासांत बर्फ संपतो, लिलाव चुकतो, मासळीला दर येत नाही. काका पुतण्याशी बोलत नाही, कदाचित महिनाभर. बाराव्या प्रकरणात तर गावाने मुलाचा सत्कार ठेवला होता, नारळ-शालीसकट. तिने ती पानं चाळून पाहिली, दुमडली आणि पिशवीत घातली.

"बारावं पुन्हा लिहावं लागणार, सर."