लाल धागे, निळे पट्टे

अकरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइड बनवतेय. मेणाच्या ठोकळ्यातून चार मायक्रॉनचा पापुद्रा कापायचा, कोमट पाण्यावर तरंगवायचा, काचेवर अलगद उचलायचा. मॅसन ट्रायक्रोम या रंगमिश्रणाने रंगवला की स्नायू लाल दिसतो, कोलॅजन, म्हणजे पेशींना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, निळं. निरोगी स्नायूत निळ्या रेघा केसाएवढ्या बारीक असतात. वर्षानुवर्षं दाह, म्हणजे आतली सूज, सोसलेल्या स्नायूत मात्र लाल धाग्यांमध्ये निळे पट्टेच्या पट्टे घुसलेले.

आमच्या आबांना वीस वर्षं संधिवात आहे, म्हणजे अंगात सततचा दाह. त्यांच्या मांड्या चेपताना मला त्या स्लाइड आठवतात.

जखमेनंतर येणारी सूज हवीच. तिच्यामुळे मोडतोड साफ होते, नवे तंतू घडवणाऱ्या, स्नायूतल्या मूळपेशी जाग्या होतात. शास्त्रज्ञ अलेक्झांडर मॉरो यांना त्या 1961 मध्ये तंतूंच्या अगदी कडेला दिसल्या. पण दाह ओसरलाच नाही, तर टीजीएफ-बीटासारख्या प्रथिनांचे संदेश चालूच राहतात, फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजन बनवणाऱ्या पेशी, ते विणत सुटतात आणि मूळपेशी थकत जातात.

2005 चा स्टॅनफर्डचा प्रयोग मी कितीदा वाचलाय! म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांचं रक्ताभिसरण जोडलं, तर म्हाताऱ्या स्नायूतल्या मूळपेशी पुन्हा कामाला लागल्या. म्हणजे त्या संपल्या नव्हत्या, भोवतालचं वातावरण त्यांना दाबून ठेवत होतं.

काल आबांना मोबाइलवर स्लाइडचा फोटो दाखवला.

"माझ्या मांडीतही असंच निळं असेल का गं?"

"थोडं असेल, आबा."

"आणि लाल?"

"तेही आहे."

मग काठी घेऊन उठले. अंगणात चार फेऱ्या मारल्या आम्ही.