ओला टॉवेल

"बाबांच्या अपघाताचा फोन मीच उचलला. हातात ओला टॉवेल होता," ताई म्हणाली. दादा उसळलाच, "काहीतरीच! फोन मी घेतला. तू झोपली होतीस."

दोघंही शपथेवर सांगायला तयार. ताईला तर टॉवेलचा ओलेपणासुद्धा आठवतो!

१९८६ मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाचा स्फोट झाला, तेव्हा मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून 'बातमी कुठे, कशी कळली' हे लिहून घेतलं. अडीचेक वर्षांनी पुन्हा विचारलं, तर अनेकांची उत्तरं पार बदललेली. खात्री मात्र पक्की.

असो. आठवण कुणाची का खरी असेना, त्या धसक्याने ताई आजतागायत गाडी शिकली नाही. दादा मात्र बाबांची तीच अपघातातली गाडी दुरुस्त करून रोज चालवतो. एकाच भीतीतून दोन टोकाचे निर्णय कसे निघत असतील?