‘असंच अजून काहीतरी सांग ना’

एखादी कोरियन मालिका रात्री अडीचला संपते आणि सकाळी मेसेज येतो, ‘असंच अजून काहीतरी सांग ना, डार्क.’ समोरचा उत्साहाने दहा नावं पाठवतो. त्यातली आठ वाया जातात, कारण ‘असंच’ म्हणजे कसं, हे कोणी विचारतच नाही. खून, पाऊस आणि दाढी वाढलेला पोलीस सगळीकडेच असतो. विचारायचं ते एवढंच, की झोप नेमकी कशाने उडाली?

गुन्हेगार हाती लागत नाही, या जाणिवेने उडाली असेल तर बोंग जून-हो यांचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३). मातीच्या रस्त्यावर बुटाचा ठसा सापडतो, पोलीस बोंबलत राहतात आणि ट्रॅक्टर निवांतपणे त्यावरून जातो. हसू येतं, मग आल्याचीच लाज वाटते. गोष्ट खऱ्या प्रकरणावरची: दक्षिण कोरियातला ह्वासाँग परिसर, १९८६ ते १९९१, दहा खून. खुनी प्रेक्षकांतही बसलेला असू शकतो, या विचाराने शेवटी नायक थेट कॅमेऱ्यात बघतो. डीएनएवरून खऱ्या खुन्याची ओळख पटली ती २०१९ साली. तो वेगळ्याच एका खुनासाठी १९९४ पासून तुरुंगातच होता, आणि या खुनांसाठी खटला भरण्याची कायदेशीर मुदत २००६ मध्येच संपली होती. हे वाचून मग चित्रपट पुन्हा बघावा. ती शेवटची नजर दुसऱ्यांदा जास्त जड होते.

त्याच्या पाठोपाठ ‘सिग्नल’ (२०१६, १६ भाग) लावावी. बॅटरी नसलेला वॉकीटॉकी रात्री ११ वाजून २३ मिनिटांनी खरखरतो आणि जुन्या काळातला पोलीस बोलू लागतो. कल्पना पोरकट वाटते, पण दुखणं तेच आहे: मुदत. कोरियात खुनासाठीची ही मुदत २०१५ मध्ये रद्द झाली. ते ठाऊक असलं की पहिल्याच प्रकरणातली घड्याळाची टिकटिक अंगावर येते.

इथे हिंदी डबिंग लावू नये. कोरियनमध्येही आपल्या ‘अहो’ आणि ‘अरे’सारखा भेद आहे. आदराने बोलताना बऱ्याच वाक्यांच्या शेवटी ‘यो’ येतो. संशयिताशी बोलताना पोलिसाचा ‘यो’ गळाला, की समजावं, सभ्यपणा संपला. इंग्रजी सबटायटलमध्ये मात्र दोन्हीकडे नुसता ‘यू’ असतो. म्हणून कान उघडे ठेवून बघायचं.

मुलांचं गुन्ह्यात ओढलं जाणं जिव्हारी लागलं असेल, तर चिनी ‘द बॅड किड्स’ (२०२०). बाराच भाग, पाणी घालून वाढवलेलं काही नाही. डोंगरावर व्हिडिओ काढताना तीन मुलांच्या कॅमेऱ्यात दोन खून टिपले जातात. खुनी गणिताचा शिक्षक आहे, हे पहिल्याच भागात कळतं. तरीही ताण सुटत नाही, कारण भीती आता त्याची नाही, मुलं काय करतील याची आहे. त्यातलं ‘छोटी पांढरी होडी’ हे बालगीत मुळात १९२४ चं कोरियन. झोपवायला पोरांना ते ऐकवायची हिंमत मग होत नाही.

आणि भीती कुठून येतेय हेच कळू नये असं वाटत असेल, तर कियोशी कुरोसावा यांचा जपानी ‘क्युअर’ (१९९७). मानेवर फुलीसारखी जखम तीच, खुनी दरवेळी वेगळा, आणि खून का केला हे त्यालाच सांगता येत नाही. रक्त कमी, शांतता फार. नायकाच्या घरी बायको रिकामंच वॉशिंग मशीन फिरवत ठेवते, त्या घरघरीने जे होतं ते सुऱ्याने होत नाही. मोबाईलच्या स्पीकरवर हा बघाल तर ‘काही घडतच नाही’ म्हणून वीस मिनिटांत बंद कराल. हेडफोन लावा, आणि मशीन लावून ठेवलं असेल तर आधी कपडे वाळत घालून या.