आडनाव फ्रेंच, बायबल डच, फॉर्मवर आफ्रिकान्स

क्लायंटला एकच स्लाइड हवी होती. दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांमध्ये डच वंशाची कुटुंबं आणि इंग्रज वंशाची कुटुंबं यांच्या उत्पन्नात, घरादारात, शिक्षणात आज किती फरक उरलाय, एवढंच. कंपनी विम्याची, कुठल्या भाषेत कुणाला काय विकायचं हे त्यांना ठरवायचं होतं. जोहान्सबर्गच्या आमच्या सर्व्हे एजन्सीत हे काम माझ्या टेबलावर आलं ते 2013 मध्ये. पुण्यात स्टॅटिस्टिक्स शिकून मी तिकडे नोकरीला गेले होते, आणि गोऱ्यांमधली ही पोटभांडणं मला तोवर फक्त रग्बीच्या मॅचपुरतीच माहीत होती.

पहिली अडचण अशी, की तिथे वंश कुणी विचारतच नाही. जनगणनेत लोकसंख्या गट विचारतात आणि घरात बोलायची भाषा विचारतात. 2011 च्या जनगणनेत गोऱ्यांपैकी साधारण 61 टक्क्यांची भाषा आफ्रिकान्स, म्हणजे डचमधून तिथेच घडलेली भाषा, होती, 36 टक्क्यांची इंग्रजी. मग ऑफिसात सगळे जी पायवाट धरतात तीच आम्ही धरली. गोरा आणि आफ्रिकान्स म्हणजे डच. गोरा आणि इंग्रजी म्हणजे इंग्रज. यात ‘गोरा’ ही चाळणी काढली तर सगळं चित्रच बदलतं, कारण आफ्रिकान्स घरी बोलणाऱ्या दर शंभरांत गोरे जेमतेम चाळीस. निम्मे लोक ‘कलर्ड’ म्हणून नोंदलेले, मुख्यतः केप भागातले. डच ईस्ट इंडिया कंपनीने 1652 पासून तिथे वस्ती केली. इंडोनेशिया, मादागास्कर, बंगाल, मलबार इथून गुलाम आणले. ते गुलाम, मूळचे खोई लोक आणि गोरे वसाहतवाले यांच्या संकरातून हा समाज आला. म्हणजे डच रक्त त्यांच्यातही आहेच. फक्त आमच्या ‘डच वंश’ या रकान्यात त्यांना जागा नव्हती.

केपटाउनहून आलेली माझी सहकारी याच समाजातली. तिचं आडनाव अस्सल डच, ‘व्हान’ने सुरू होणारं. फील्डवर्क तिच्याकडे आणि उत्तरांना कोड देण्याचं काम माझ्याकडे, अशी आमची वाटणी.

त्या दिवशी आम्ही दोघी बॅक-चेकला निघालो. बॅक-चेक म्हणजे मुलाखत घेणाऱ्याने फॉर्म खरोखर घरी जाऊन भरलाय की झाडाखाली बसून, हे परत जाऊन तपासणं. थोडे फॉर्म नमुन्यादाखल उचलायचे, आणि जे विचित्र दिसतात ते मुद्दाम.

सकाळचं पहिलं घर जोहान्सबर्गच्या उत्तरेकडच्या पार्कव्ह्यूत. भिंतीवर विजेच्या तारा, आत मोठी बाग, पोहण्याचा तलाव. निवृत्त शिक्षिका, भाषा इंग्रजी, फॉर्म चोख. निघताना सहज बोलणं झालं तर कळलं, आजोबा लिथुएनियातून आलेले ज्यू, घरात यिडिश बोलायचे. हे कुटुंब आमच्या हिशोबात ‘इंग्रज वंश’! तिच्या शेजारचं घर पोर्तुगीज आडनावाचं, त्यांची मुलंही इंग्रजीच बोलतात. सोन्याच्या खाणींच्या जोहान्सबर्गला जो कोणी आला तो इंग्रजी शिकून वर चढला, आणि आमच्या रकान्यात येऊन बसला. मी वहीत एक ओळ लिहून ठेवली आणि आम्ही प्रिटोरियाचा रस्ता धरला.

प्रिटोरिया म्हटलं की मला गोखले आठवतात. 1912 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले तिथे जाऊन जनरल बोथा आणि जनरल स्मट्स या मंत्र्यांना भेटले होते, हिंदी मजुरांवरचा तीन पौंडांचा कर रद्द करा म्हणून. हे दोघे दहा वर्षांपूर्वी आफ्रिकान्सवाल्यांच्या बाजूने इंग्रजांविरुद्ध लढलेले सेनानी. हरले, आणि हरूनही 1910 मध्ये नव्या संघराज्याची गादी त्यांनाच मिळाली. राजकारण त्यांच्याकडे, पैसा मात्र खाणमालक इंग्रजांकडे. त्या काळचा हा उलटा पट ध्यानात घेतल्याशिवाय आमच्या स्लाइडचा अर्थ लागत नाही, असं माझं ठाम मत.

दुपारचं घर प्रिटोरिया वेस्टपलीकडच्या डॅनव्हिलमध्ये. हा भाग इस्कॉर या सरकारी पोलाद कारखान्याच्या आणि रेल्वेच्या कामगारांचा. घरं बसकी, पत्र्याची, कुंपणं जाळीची. या घराचा फॉर्म मला विचित्र वाटला होता. उत्पन्न अगदी खालच्या गटातलं, घर पूर्ण स्वतःचं, कर्ज शून्य, माणसं सहा.

दार उघडलं पंचाहत्तरीच्या आजोबांनी. माझी सहकारी त्यांना ‘ओम’ म्हणाली, तिकडे वडीलधाऱ्याला तसंच म्हणतात, आणि आफ्रिकान्समध्ये सुरू झाली. मला निम्मं कळत होतं, उरलेलं ती मधूनमधून इंग्रजीत सांगे. काळी कॉफी आली, पत्र्याच्या डब्यातून घरचे टोस्टसारखे कडक बेस्कीट आले. ते कॉफीत बुडवूनच खायचे असतात. न बुडवता चावायला गेलं तर दाताची खैर नाही.

उत्पन्न आम्ही तोंडी विचारत नाही. शोकार्ड पुढे धरतो, त्यावर रकमांचे गट आणि प्रत्येकापुढे अक्षर. माणसाने फक्त बोट ठेवायचं. आजोबांनी चष्मा चढवला, ‘सी’वर बोट ठेवलं, मग थबकले. “हे फक्त माझं पेन्शन. मुलाचं पण धरायचं का?” मुलगा, सून आणि दोन नातवंडं मागच्या अंगणात लाकडी खोलीत राहत होती. तिकडे तिला वेंडी हाउस म्हणतात. बागेतली अवजारं ठेवायला घेतात, हल्ली तीत माणसं राहतात. मुलाची नोकरी गेलेली. इथे आमचा नियम असा, की एका चुलीवर जेवत असतील तर एक कुटुंब, वेगळं शिजत असेल तर दोन. सहकारीने विचारलं, “रात्रीचं जेवण कुठे?” आजी आतून ओरडल्या, “इथेच! माझ्याच डोक्यावर!” झालं, एक कुटुंब. फॉर्म खरा होता. मुलाखत घेणाऱ्या मुलाने इमानदारीने काम केलं होतं.

खरं तर आम्ही तिथूनच उठायला हवं होतं, पण पुढचा प्रश्न होता घराचा. हे घर तुमच्याकडे कसं आलं? पर्याय चार: विकत घेतलं, वारशाने मिळालं, सरकारी योजनेतून मिळालं, इतर.

आजोबा म्हणाले, “तिन्ही.” आणि बोलायला लागले.

आजोबांचे वडील फ्री स्टेट प्रांतात दुसऱ्याच्या शेतावर राबून तिथेच राहणारे, जमीन नसलेले. आजोबांच्या आजोबांकडे जमीन होती, पण तिथल्या रोमन-डच वारसाहक्काच्या रिवाजाने ती सगळ्या मुलांत वाटली जायची. सातबाऱ्यावर नावं वाढत जातात आणि वाट्याला गुंठे येतात, तसलाच प्रकार. त्यातच 1899 ते 1902 चं युद्ध. इंग्रज सैन्याने शेतघरं जाळली, बायकामुलांना छावण्यांत डांबलं. त्या छावण्यांत सव्वीस हजारांच्या आसपास बायकामुलं मेली, त्यांत मुलंच जास्त. काळ्या लोकांच्याही वेगळ्या छावण्या होत्या, तिथेही हजारो मेले. ते बरीच वर्षं कुणी मोजलेही नव्हते. आजोबांच्या घरातली तीन नावं त्या छावणीत संपली. त्यांनी कुटुंबाचं बायबल काढून दाखवलं. जाड, डच भाषेतलं, कारण आफ्रिकान्स बायबल छापून आलं ते 1933 मध्ये. पहिल्या कोऱ्या पानावर जन्म-मृत्यूच्या नोंदी, वेगवेगळ्या हातांच्या. त्या तीन नावांपुढे वर्ष एकच.

आडनाव मात्र फ्रेंच! 1688 च्या सुमारास धर्मासाठी परागंदा होऊन केपला आलेल्या ह्युगेनॉट लोकांचं. आजोबांची आई जर्मन घराण्यातली. मग डच कोण? “बायबल,” आजोबा हसून म्हणाले.

पुढची कथा दुष्काळाची. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीची मंदी आणि 1933 चा दुष्काळ यांनी वडिलांना गावाबाहेर काढलं. 1932 मध्ये गोऱ्यांच्या गरिबीचा अभ्यास करणाऱ्या कार्नेगी कमिशनचा पाच खंडांचा अहवाल आला होता. त्यात सुमारे तीन लाख गोरे अत्यंत गरीब असल्याचा अंदाज होता, देशात एकूण गोरे अठरा लाखांच्या घरात असताना. या गरिबांत बहुतेक सगळे आफ्रिकान्स बोलणारे. अभ्यासकांनी तेव्हा लिहिलं, की ही माणसं मदतीवर अवलंबून राहायला शिकलीत, हातपाय हलवत नाहीत. मला हे वाचताना गंमत वाटते, कारण आमच्या अकाउंट मॅनेजरने स्लाइडखाली आधीच ओळ लिहून ठेवली होती, की डच कॅल्विनपंथी काटकसरी आणि कष्टाळू संस्कृतीमुळे हा समाज इंग्रजांच्या बरोबरीला आला. चर्च तेच, बायबल तेच, माणसं तीच. 1932 मध्ये ती संस्कृती कुठे गेली होती?

फरक पडला तो नोकऱ्यांनी. हर्टझॉग सरकारने 1924 पासून ‘सुसंस्कृत श्रमिक’ धोरण आणलं. नाव गोंडस, अर्थ एवढाच की सरकारी कामांत काळ्यांच्या जागी गोरे भरा आणि त्यांना ‘गोऱ्याला शोभेल’ असा पगार द्या. रेल्वेच्या अकुशल कामगारांत गोरे 1924 मध्ये दहा टक्क्यांच्या आत होते, 1933 पर्यंत ते चाळीसच्या जवळ गेले. काळ्यांचं प्रमाण जवळपास तेवढंच उतरलं. आजोबांचे वडील याच लाटेत रेल्वेत लागले, रूळ टाकायला. मग स्वस्त सरकारी घर, हप्त्यावर. वडील गेल्यावर वारसा. म्हणून “तिन्ही”. आजोबा स्वतः इस्कॉरमध्ये लागले. 1928 मध्ये कायद्याने काढलेली कंपनी, 1934 मध्ये तिथे पहिलं पोलाद निघालं. “आता तुमच्या मित्तलची आहे,” ते मला म्हणाले, जणू मीच सही केली होती. 1989 मध्ये तिचं खासगीकरण झालं, नंतर आजोबांची नोकरी गेली, मुलाला तिथे दारच उघडलं नाही. मुलगा मात्र सगळा दोष 1994 मध्ये वर्णभेदी राजवट संपल्यानंतरच्या आरक्षणाला देतो. आजोबांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, “माझ्या बापाला नोकरी कशी मिळाली होती, ते विचार त्याला.”

हे आकड्यांतही दिसतं. इंग्रजी बोलणाऱ्या गोऱ्याचं दरडोई उत्पन्न 100 धरलं, तर आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्याचं 1946 मध्ये 47 होतं, 1960 मध्ये 64, 1976 मध्ये 71. मधे 1948 ची निवडणूक, आफ्रिकान्सवाल्यांच्या नॅशनल पार्टीने जिंकलेली, आणि त्यानंतर सरकारी नोकऱ्या, शाळा, कंत्राटं, ठेवी सगळ्यांचा ओघ एकीकडे. स्वतःच्या संस्थाही त्यांनी काढल्या हे खरं. सानलाम ही विमा कंपनी 1918 ची, फोक्सकास बँक 1934 ची. पण सरकारी ठेवींशिवाय ती बँक केवढी वाढली असती, हा प्रश्न मला पडतो.

आजोबा माझ्या सहकारीकडे वळले. “तुझं आफ्रिकान्स फार गोड. केपचं ना? घर कुठे?”

“डिस्ट्रिक्ट सिक्स. म्हणजे आजीचं.”

आजोबा गप्प झाले. त्या देशात या नावाला तळटीप लागत नाही. केपटाउनच्या मध्यावरची ही वस्ती 1966 मध्ये गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाली, साठ हजारांच्या आसपास माणसं हलवली गेली, घरं बुलडोझरने पाडली. आजीच्या शेजारी दुकान होतं ते कोकणी मुसलमानाचं, रत्नागिरीकडून आलेल्या घराण्याचं. मी मराठी म्हटल्यावर पहिल्याच दिवशी तिने मला हे सांगितलं होतं. त्या दिवशी तिने आजोबांना बाकी काही सांगितलं नाही. टॅबवर बोट ठेवून विचारलं, “मग कोड कुठला लावू? एकच लागतो.” आजोबा म्हणाले, “सरकारी लाव.”

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, “माझ्या आजीला हा प्रश्न विचारला तर कोड कुठला? ‘घेऊन टाकलं’ असा पर्यायच नाहीये आपल्याकडे.” मी ‘इतर’ म्हणाले. ती म्हणाली, “हं, साठ हजार इतर.” आणि रेडिओ लावला.

स्लाइड झाली. दोन्ही गोऱ्या गटांतलं अंतर आमच्या सॅम्पलमध्ये फारसं उरलेलं नव्हतं, डॅनव्हिलसारखी घरं धरूनसुद्धा. संस्कृतीची ओळ मी काढली आणि तिथे 1946, 1960, 1976 चे आकडे टाकले. खाली जनगणनेचे दोन आकडेही टाकले: 2011 मध्ये कुटुंबाचं सरासरी वार्षिक उत्पन्न, कुटुंबप्रमुख गोरा असेल तर 3,65,134 रँड, काळा असेल तर 60,613. मॅनेजर म्हणाला, हे क्लायंटने मागितलेलं नाही. मी म्हटलं, मागितलेलं नाही, पण पट्टी कुठली लावून मोजतोय ते तरी दिसू दे. बरीच हुज्जत झाली. शेवटी आकडे राहिले, बारीक टाइपात. रकान्यांची नावंही मी बदलून घेतली: ‘डच वंश’च्या जागी ‘गोरे, घरात आफ्रिकान्स’, ‘इंग्रज वंश’च्या जागी ‘गोरे, घरात इंग्रजी’. क्लायंटच्या बैठकीत बारीक टाइपाबद्दल कुणी विचारलं नाही. त्यांना जाहिरातीची भाषा ठरवायची होती, ती ठरली. घराच्या प्रश्नात पाचवा पर्याय घालायचा प्रस्ताव सहकारीने पुढच्या फेरीसाठी लेखी दिला. प्रश्नावली आधीच लांब झालीय, या शेऱ्यासह तो परत आला. तिने तो पुढच्या फेरीत पुन्हा दिला.