दोन चाकरमानी आणि एक पेन ड्राइव्ह

आमच्या घरात दोन कॉम्प्युटर आहेत आणि दोघेही चाकरमानी. डोंबिवलीच्या पुतण्यांनी गेमिंगसाठी हौसेने जोडलेले, आणि त्यांचा जीव भरल्यावर दोन वेगवेगळ्या गणपतींत कोकणकन्येने कुडाळला उतरलेले, चादरीत गुंडाळून. दोघांतही इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि २०१६ साली बाजारात आलेलं १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड. तिकडे यांची गणना भंगारात. मालवणात आल्यावर आमच्या पोरांनी त्यांना फक्त हार घालायचा बाकी ठेवला.

पण १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि घरात प्रश्न उभा राहिला. विंडोज ११ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. आमचे दोघे चौथ्या पिढीचे. एवढ्या अंतरावर सोयरिकीची बोलणी सुरूच होत नाहीत.

आईने विचारलं, "चलता मां? मग कित्याक बदलतंस?"

सिक्युरिटी अपडेट म्हणजे काय ते तिला कसं सांगणार? म्हटलं, "कौलां आसत गो, पण यापुढे पावसाआधी घर शाकारूक कोण येवचो नाय." तिला लगेच पटलं.

विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही सिस्टिम घालायचं ठरलं. फुकट आहे, आणि दिसायला विंडोजच्या मावसभावासारखं. फाइल जवळपास तीन जीबीची, मोबाइलचा पॅक रोज दोन जीबीचा. म्हणून रात्री अकराला डाउनलोड लावलं. थोडं आजच्या खात्यात, उरलेलं बारानंतर उद्याच्या. रेंज खिडकीतच मिळते, तेव्हा फोन गजाला रबराने बांधून ठेवला.

तोवर डबे उघडले. खाऱ्या हवेने मागच्या पत्र्यावर गंजाचे तांबूस ठिपके, स्क्रू फिरता फिरेनात. आत पंख्याच्या पात्यांवर धुळीची साय आणि पॉवर सप्लायच्या कोपऱ्यात पालीची दोन अंडी, चण्याएवढी, पांढरीशुभ्र. रॅमच्या पट्ट्यांचे सोनेरी दात धाकटीच्या खोडरबराने घासले. रबर काळं झालं, दात चकाकले. घड्याळाचा सेल, सीआर २०३२, केव्हाच मेलेला. त्यामुळे लाइट गेली की मशीन दहा-बारा वर्षं मागे जायचं आणि तारीख चुकल्यामुळे ब्राउझर एक साइट धड उघडायचा नाही. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी बसवली. खरं सांगायचं तर पुढे पोरांना जो वेग जाणवला तो बराचसा या एसएसडीचा. पण श्रेय मिंटला मिळालं, आणि मीही काही बोललो नाही.

थोरल्याने पहिल्याच चेंडूवर विकेट काढली. "बाबा, व्हॅलोरंट चालेल?"

नाही चालत. २०१८ साली व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम या आपल्या ऑनलाइन गेमच्या दुकानात प्रोटॉन हा दुभाषा आणला, तेव्हापासून विंडोजसाठी लिहिलेले हजारो गेम लिनक्सवर खेळता येतात. अडतात ते लबाडी पकडायला पहारेकरी ठेवलेले काही ऑनलाइन गेम. व्हॅलोरंटचा पहारेकरी, व्हॅनगार्ड, कॉम्प्युटर सुरू होतानाच जागा होतो आणि थेट विंडोजच्या गाभाऱ्यात जाऊन बसतो. लिनक्सच्या देवळाकडे तो फिरकत नाही. मग मी गनिमी कावा सुचवला: अटी चुकवून विंडोज ११ बसवायची युक्ती आहे, ती करू. पोरगा माझ्या पुढचा. म्हणाला, "अकरावर व्हॅनगार्ड टीपीएम तपासतो, बाबा." म्हणजे चोरदरवाजाने गडावर चढलो तरी वर कोणीतरी उभाच.

इतका वेळ मी मशीनकडे बघून सिस्टिम निवडत होतो. पोरांच्या कॉम्प्युटरला हा हिशेब लागू नाही. तिथे आधी गेम ठरतो, आणि त्याच्याही आधी तो कोणाबरोबर खेळायचा ते. थोरल्याचा जोडीदार डोंबिवलीचा चुलतभाऊ. त्याला सोडून मिंटची गुणगाथा कोण ऐकणार? थोरल्याच्या डब्यावर विंडोज १०च ठेवलं आणि सुरक्षेच्या अपडेटची वाढीव मुदत घेतली, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची. गणपती त्याच्या आधी महिनाभर आहेत. तिसरा चाकरमानी येईलही.

धाकटीचं सोपं वाटलं. तिला ठोकळे रचायचा माइनक्राफ्ट हवा. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती लिनक्सवर थेट चालते. पेन ड्राइव्हवरून तासाभरात मिंट बसलं, तिने वॉलपेपरला सिंधुदुर्ग किल्ल्याचा स्वतः काढलेला फोटो लावला आणि शेजारच्या मैत्रिणीला हाक मारली. मैत्रीण मोबाइल घेऊन धावत आली. मोबाइलवरचं माइनक्राफ्ट बेडरॉक जातीचं. त्याची नि जावाची एरवी गाठच पडत नाही. दोघी हिरमुसल्या. मी उपाय शोधायला म्हणून चष्मा लावला, तोवर मैत्रिणीने मोबाइल फ्रिजवर ठेवून स्टूल ओढलं होतं.

आता एकीच्या हातात माउस, दुसरीच्या ताब्यात कीबोर्ड. "उजवीकडे बघ गो!" "मी बघतंय, तू चल मां!" आणि सगळा डोलारा समुद्रात.