पावतीवर लिहून घ्या : फ्रान्समधली जुनी रस्त्यांची एचिंग

फ्रान्समध्ये जुनं चित्र विकणाऱ्याला पावतीवर मनाला येईल ते लिहिता येत नाही, हे कळल्यावर इथल्या कागदी कारभारावरची माझी निम्मी चिडचिड ओसरली. उरलेली निम्मी इथे राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी राखून ठेवली आहे.

३ मार्च १९८१ चा एक सरकारी आदेश आहे. बाजारात त्याला ‘देक्रे मार्क्युस’ म्हणतात. कलावस्तू विकणारा रोजचा दुकानदार असो की एखाद्या रविवारी माळा रिकामा करणारे आजोबा, गिऱ्हाइकाने मागितलं तर वस्तू काय, कशाची, कधीची हे त्याने लिहून द्यायचं. कोणत्या शब्दाचं वजन किती, तेही ठरलेलं. कलाकाराचं नुसतं नाव लिहिलं की काम खरोखर त्याचंच असल्याची हमी झाली. ‘आत्रिब्यूए आ’ (अमक्याचं मानलेलं) लिहिलं तर काम त्या कलाकाराच्या काळातलं, आणि ते त्याचंच असावं असं मानायला भक्कम आधार असला पाहिजे. ‘स्तील’, ‘जाँर द’, ‘दाँ ल गू द’ (अमक्याच्या शैलीतलं, धर्तीचं, धाटणीचं) यांपैकी काही दिसलं तर हमी शून्य. आदेश लागू झाल्यानंतर केलेल्या नकलेवर तर ती नक्कल असल्याचं ठळक आणि न पुसता येईल असं छापावं लागतं. लिलावातल्या खरेदीवरून नुकसानभरपाई मागायची तर हातोडा पडल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे.

आपल्याकडे कायदा नाही असं नव्हे. पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा आहेच, पण त्याचा मुख्य रोख वस्तू देशाबाहेर जाऊ नये यावर. पुण्याच्या जुन्या बाजारातला विक्रेता लबाड असतो, असंही मला म्हणायचं नाही. तो काही लिहून देत नाही आणि आपणही मागत नाही, दोघांनाही घासाघीस जास्त प्रिय.

एचिंगच्या, म्हणजे आम्लाने पत्र्यावर रेघा खोदून त्यावरून छापलेल्या चित्राच्या, बाबतीत मात्र या आदेशालाही एक पळवाट उरते, ती म्हणजे तांब्याचा पत्रा. कलाकार गेला तरी पत्रा राहतो आणि शंभर वर्षांनीही त्यावरून छपाई होते. लूव्र संग्रहालयाच्या ‘शाल्कोग्राफी’त, म्हणजे पत्र्यांच्या संग्रहात, असे हजारो पत्रे आहेत आणि त्यांवरून आजही रीतसर प्रती काढून विकतात. त्या प्रतींवर संस्थेचा बिनशाईचा, उठावाचा शिक्का असतो, त्यामुळे फसवणूक नाही. पण शिक्क्याचा कोपरा कापून चित्र फ्रेममध्ये बसवलं की कलाकाराचं नाव खरं, पत्रा खरा, पावती खरी, आणि किंमत तेवढी खोटी. म्हणून नावावर थांबू नका. ‘तिराज देपोक’, म्हणजे त्याच काळातली छपाई, हे शब्द पावतीवर मागा. विक्रेता अडखळला किंवा त्याने ‘तिराज पोस्तेरियर’, म्हणजे नंतरची छपाई, लिहिलं, तर भाव त्या हिशोबाने करा.

मग भिंग काढा. दहापट पुरे. आम्लाने खाल्लेल्या रेघेची टोकं बोथट असतात, हत्याराने कोरलेली रेघ निमुळती होत जाते. तिरप्या उजेडात शाई कागदावर किंचित उठून दिसली पाहिजे. रेघेऐवजी ठिपक्यांची जाळी दिसली तर ते ऑफसेट. रेघेच्या आत धुळीसारखे बारीक कण दिसले तर एलिओग्राव्ह्यूर, म्हणजे फोटोवरून केलेला पत्रा. पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन, इथली ‘क्युव्हेत’, एलिओग्राव्ह्यूरलाही असतो आणि ऑफसेटवर कोरा पत्रा दाबून तो खोटाही उठवता येतो. नुसत्या चौकोनावर विसंबणारे तिथेच फसतात. पत्र्याचं माप त्या कलाकाराच्या कामांच्या छापील सूचीतल्या मापाशी ताडून पाहा (इथे उंची आधी). छपाईच्या वेळी ओला असलेला कागद वाळताना आक्रसतो, त्यामुळे एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो, जास्त नाही. पेन्सिलीची सही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. अठराव्या शतकातल्या चित्राखाली ती दिसली तर विक्रेत्याला नमस्कार करून पुढे चला.

घ्यायचं काय? पॅरिसच्या रस्त्यांची एचिंग करणारा शार्ल मेरियाँ सगळ्यांना हवा असतो. नौदलातून आलेला, रंगांधळा, म्हणून काळ्या शाईकडे वळलेला. ओसमान या सरकारी अधिकाऱ्याने नव्या रस्त्यांसाठी जुनं पॅरिस पाडायला घेतलं त्याच सुमारास, १८५० ते १८५४ मध्ये, त्याने ते पत्र्यावर उतरवलं. त्याच्या ‘पों-तो-शाँज’ या पुलाच्या चित्राच्या आधीच्या प्रतींत आकाशात ‘स्पेरांझा’ नावाचा फुगा आहे. पुढे तो खोडून त्या जागी पक्ष्यांचे थवे आले. तेव्हा पत्रा बदलण्याच्या कुठल्या टप्प्यावरची प्रत आहे, ते आकाश पाहून ताडता येतं. चांगल्या प्रती नोकरदाराच्या आवाक्याबाहेर.

आवाक्यातलं आणि खरं हवं असेल तर १८५९ साली सुरू झालेल्या ‘गाझेत दे बोझार’ या कलाविषयक मासिकातून सुटी झालेली एचिंग बघा. खाली मासिकाचं आणि छापखान्याचं नाव बारीक अक्षरांत असतं. अशा मोठ्या छपाईसाठी तांब्यावर लोखंडाचा पातळ थर चढवत, म्हणून प्रती पुष्कळ निघाल्या आणि स्वस्त आहेत. रेघा जरा थंड वाटतात, एवढंच. रुआँ शहरातल्या पाडलेल्या गल्ल्यांसाठी ज्यूल आदलीन शोधा. अठराव्या शतकातली, हाताने रंगवलेली ‘व्ह्यू दोप्तीक’ही, म्हणजे भिंग-आरशाच्या यंत्रातून पाहायची देखाव्यांची चित्रं, मजेशीर असतात. ती आरशातून पाहायची असल्यामुळे वरचं शीर्षक उलट्या अक्षरांत छापलेलं असतं, तो छपाईतला दोष नव्हे.

पॅरिसच्या द्रुओ या लिलावघरातल्या लिलावात आदल्या दिवशी चित्र हाताळून पाहता येतं. बोलीवर साधारण २५ ते ३० टक्के खर्च चढतो, तो धरूनच हात वर करा. लिलावाच्या सूचीतले तीन शब्द पाठ हवेत : ‘रूसर’ म्हणजे तपकिरी ठिपके, ‘एंसोले’ म्हणजे उन्हाने करपलेला कागद, ‘कोले आँ प्लाँ’ म्हणजे पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवलेलं. पहिलं सहन करा, तिसरं सोडा.

पेशव्यांचं पुणं सोडून परक्या गल्ल्या कशाला, हा प्रश्न घरून येतोच. आपल्या वाड्यांचे असे पत्रे कोणी कोरून ठेवले असते, तर मी तेच शोधले असते. आपल्याकडची जुनी छापील चित्रं म्हटलं की आठवतात ती रविवर्म्याच्या छापखान्याची, ती दगडावरून छापलेली, आणि त्यात रस्ते नाहीत, देव आहेत. त्यांचा मला अभिमान आहे. भावही आता मेरियाँच्या वाटेने निघालेत.

चित्र घरी न्यायचं असेल तर गुंडाळी करू नका, दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये सपाट न्या. मागे आम्लरहित पुठ्ठा, वरच्या दोन कोपऱ्यांना जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावलेल्या, आणि काच कागदाला टेकणार नाही एवढी जाड पुठ्ठ्याची खिडकी. कोकणात किंवा मुंबईत पावसाचा मारा खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगलं तर एका पावसाळ्यात रूसर येतील. फ्रेमवाले काका लॅमिनेशन सुचवतील, फुकटसुद्धा करून देतील. चित्र उचलून दुसऱ्या दुकानात जा.