खोपोली: रेल्वेचा इतिहास बघायला जाताय? आधी हे वाचा

‘बोरघाटातल्या जुन्या रेल्वेचे अवशेष खोपोली स्टेशनला लागूनच आहेत’ असं मला सांगितलं गेलं होतं. साफ चूक. जुनं रिव्हर्सिंग स्टेशन, म्हणजे चढताना गाडीची दिशा उलटी करायची जागा, वर घाटात, खंडाळ्याच्या अंगाला होतं. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि ते बंद पडलं.

तरी खोपोलीला जाच. १८५६ मध्ये रेल्वे इथवर आली आणि घाटाच्या पायथ्याशी अडली. वर खंडाळा-पुणे गाडी १८५८ पासून धावत होती, पण मधला घाट पालखीत, तट्टावर नाहीतर पायी चढावा लागे. १८६३ मध्ये घाट खुला झाला, मुख्य मार्ग पळसदरीहून थेट वर गेला आणि खोपोली फाट्यावरचं शेवटचं स्टेशन होऊन राहिली. घाटाच्या कामावर एका वेळी ४०,००० हून जास्त मजूर होते, त्यातले हजारो कॉलऱ्याने आणि अपघातांनी गेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला, तेव्हा त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका सांभाळला. या मजुरांच्या नावाचा साधा फलकही मला स्टेशनात दिसला नाही, याचा संताप येतो.

आता शिंग्रोबा. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे देऊळ, जुन्या हायवेवर. वाट कळल्यावर त्यांनी त्यालाच गोळी घातली, असं लोक सांगतात. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने तिथवरचे तिप्पट पैसे घेतले. वर ‘थांबणार नाही, परतीचं वेगळं’. दोन्ही बाजूंचं भाडं आणि थांबण्याची वेळ बसण्याआधीच ठरवा. नाही जमलं तर सरळ एसटी स्टँड गाठा आणि लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरला विचारा, देवळापाशी उतरवतील का.

चालत जाऊ नका. दम लागतो म्हणून नव्हे, तो चढ काहीच नाही. वळणावर ट्रक अंगावर येतात आणि बाजूला सरकायला जागा नसते. तो तुकडा आठवला की अजून पोटात गोळा येतो. पुढे रस्ता एक्सप्रेस-वेला मिळतो, तिकडे पायी फिरकूसुद्धा नका. घाटात रुळांवरून चालायचा सल्ला कुणी दिला तर तोही धुडकावा.

वीरेश्वराचं देऊळ आणि नाना फडणवीसांचा तलाव निवांत बघून होतात.

मुंबईहून थेट खोपोली लोकल मोजक्याच, एरवी कर्जतला बदला. परतीची वेळ उतरल्या उतरल्या बघून ठेवा. एक गाडी चुकली की पुढचीसाठी बराच वेळ फलाटावर बसावं लागतं.